‘साधारण’ शेरा आणि चार तुरे

निकालपत्रकात ‘शेरा’ हा रकाना सर्वांत लहान असतो, पण मूल घरी पोचले की आधी तोच वाचला जातो. ‘उत्तम’, ‘समाधानकारक’, ‘साधारण’. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. तेथे ‘साधारण’च्या जागी ‘औसत’ लिहीत. शब्द वेगळा म्हणून घरातले वातावरण काही वेगळे नसे. या अंकासाठी आम्ही अशा एका फुटबॉलपटूविषयी लिहायला घेतले आहे, ज्याचा खेळ वयाच्या विसाव्या वर्षी एका फार मोठ्या प्रशिक्षकाला ‘अगदी साधारण’ वाटला होता. पुढे हाच मुलगा २०११ ते २०१४ अशी सलग चार वर्षे आफ्रिका खंडाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. त्याचे नाव याया तुरे.

आडनाव खरेच तसे आहे. इंग्रजी वृत्तपत्रांवरून आपल्याकडे कोणी ‘टोरे’ लिहितात, कोणी ‘टूरे’. फ्रेंच उच्चार ‘तुरे’च्या जवळ जातो. आम्ही शिक्षक-कक्षात हे नाव घेतले तेव्हा एका बाईंनी ‘म्हणजे शिरपेचातले?’ असे विचारले होते. तेव्हापासून आम्हीही ‘तुरे’च म्हणतो.

पालकहो, आपल्या इंदूरची ओळख क्रिकेटची. कर्नल सी. के. नायडू आणि होळकर संघ यांच्या आठवणी सांगणारी पिढी आता विरळ झाली, तरी गल्लीत आजही बॅटच निघते. पण गेल्या काही वर्षांत आमच्या मुलांच्या अंगावर बार्सिलोना आणि मँचेस्टर सिटीचे टी-शर्ट दिसू लागले आहेत. मुलांना विचारले तर गोल करणाऱ्यांची नावे पटापट सांगतात. मधल्या फळीत कोण खेळतो, हे विचारले की जरा शांतता पसरते. हा जो मधला खेळाडू, ज्याला मराठी वृत्तपत्रे ‘मध्यरक्षक’ म्हणतात, त्याचे काम समजावण्यासाठी आम्ही मुलांना लग्नाची पंगत आठवायला सांगतो. आत आचारी आहे, बाहेर पाहुणे बसले आहेत. दोघांच्या मध्ये वाढपी धावतो. कुठल्या पानावर भात संपला, कुठे वरण पोचले नाही, आत किती शिल्लक आहे, हे सगळे त्याला धावता धावता पाहावे लागते. जेवणाची तारीफ आचाऱ्याची होते. वाढपी चुकला तरच लक्षात येतो. याया हा असा वाढपी होता. पुढे त्याने स्वतःही पंचपक्वान्ने रांधली, तो भाग नंतर येईल.

त्याचा देश आयव्हरी कोस्ट, म्हणजे हस्तिदंताचा किनारा. पश्चिम आफ्रिकेत गिनीच्या आखाताला लागून असलेला हा देश १९६० पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होता. जगात सर्वांत जास्त कोको तेथे पिकतो. आपल्या मुलांच्या खिशातल्या चॉकलेटचा काही अंश तिकडून आलेला असण्याची दाट शक्यता आहे. राष्ट्रीय फुटबॉल संघाला लोक ‘हत्ती’ म्हणतात. याया १३ मे १९८३ रोजी बुआके या शहरात जन्मला. मोठा भाऊ कोलो १९८१ चा, धाकटा इब्राहिम १९८५ चा. तिघेही फुटबॉलपटू झाले. कोलोविषयी आणि इब्राहिमविषयी सांगितल्याशिवाय यायाची गोष्ट पुरी होत नाही.

आबिजान शहरात आसेक मिमोसास नावाचा एक जुना क्लब आहे. १९९० च्या दशकात या क्लबने आपल्या सोल बेनी येथील आवारात मुलांसाठी एक अकादमी काढली. तिचा जनक झाँ-मार्क गियू हा फ्रेंच माणूस. तो स्वतः मध्यरक्षक होता आणि १९७८ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या संघात होता. आम्हाला या अकादमीचे वर्णन प्रथम वाचनात आले तेव्हा शाळेचा माणूस म्हणून अप्रूप वाटले, कारण ती अर्धी शाळाच होती. निवडलेली मुले तेथेच राहत, तेथेच जेवत, वर्गात बसून शिकत आणि रोज खेळत. खेळत तेही अनवाणी. गियूचे म्हणणे असे, की पायाला चेंडू नीट कळायचा तर मध्ये चामडे नको. चेंडू जमिनीवर न पडू देता पायावर, मांडीवर, डोक्यावर झेलत राहण्याच्या परीक्षा असत. बूट पहिल्या दिवशी दुकानातून येत नसत, ते नंतर कमवायचे असत. धिप्पाड मुले निवडून समोरच्याला ढकलून सामने जिंकायचे, ही त्या काळची सोपी पद्धत त्याने बाजूला ठेवली. लहान चणीची, चपळ, डोके चालवणारी मुलेही त्याने घेतली.

या पद्धतीचा निकाल फेब्रुवारी १९९९ मध्ये लागला. आसेकने आदल्या वर्षी आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकली होती आणि त्यातले मोठे खेळाडू परदेशी क्लबांनी उचलून नेले होते. आफ्रिकन सुपर कपच्या सामन्यात समोर ट्युनिसचा बलाढ्य एस्पेरान्स संघ, आणि आसेककडे उरली अकादमीची सतरा-अठरा वर्षांची पोरे. जादा वेळेत पोरांनी सामना ३-१ असा जिंकला. कोलो तुरे त्यांच्यात होता. याच अकादमीतून दिदिए झोकोरा, इमॅन्युएल एबुए, सालोमन कालू, जेर्व्हिन्यो असे कितीतरी खेळाडू युरोपात गेले. यांतला झोकोरा पुढे २०१५ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये पुण्याच्या संघाकडून खेळला. म्हणजे सोल बेनीच्या मातीचा एक माणूस बालेवाडीपर्यंत येऊन गेला, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्याची दखल होती.

गियूने २००१ मध्ये बेल्जियममधल्या बेव्हेरेन या लहानशा गावाच्या क्लबात आपल्या विद्यार्थ्यांना खेळायला नेले. याया त्यांत होता. वय अठरा, बोली वेगळी, थंडी वेगळी. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००२ मध्ये, त्याच्या देशात सैनिकी उठाव झाला आणि देशाचे दोन तुकडे पडले. उत्तर बंडखोरांकडे, दक्षिण सरकारकडे. बंडखोरांचे मुख्य ठाणे होते बुआके, यायाचे जन्मगाव.

आता त्या शेऱ्याकडे येऊ. कोलो २००२ मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबात दाखल झाला होता. तेथला प्रशिक्षक आर्सेन वेंगर. हा वेंगर एकेकाळी फ्रान्सच्या कान क्लबात गियूचा सहायक होता, त्यामुळे सोल बेनीच्या मुलांना त्याचे दार किलकिले होते. कोलोच्या चाचणीचा किस्सा आर्सेनलचा तेव्हाचा खेळाडू रे पार्लर रंगवून सांगतो. कोलोने म्हणे सरावात आधी थिएरी ऑन्रीला घसरून आडवे केले, मग डेनिस बर्गकॅम्पला, आणि चेंडू वेंगरकडे गेला तेव्हा खुद्द वेंगरलाही. इतर खेळाडूंना वाटले, पोरगा घरी चालला. वेंगरला मात्र त्यात जिगर दिसली आणि त्याने कोलोला ठेवून घेतले. पार्लरने मीठ-मसाला किती घातला ते तोच जाणे, पण कोलो आर्सेनलचा झाला आणि २००३-०४ च्या हंगामात लीगच्या ३८ पैकी एकही सामना न हरलेल्या संघाचा तो बचावपटू होता, हे नोंदलेले आहे.

धाकट्याची चाचणी २००३ च्या उन्हाळ्यात झाली. बार्नेट नावाच्या छोट्या क्लबाशी मैत्रीपूर्ण सामना होता. यायाला त्याच्या नेहमीच्या जागी न खेळवता पुढे, आक्रमणात खेळवले गेले. सामना बरोबरीत सुटला, गोल एकही नाही. वेंगरने काही वर्षांनी या सामन्याची आठवण काढली तेव्हा यायाचा खेळ त्या दिवशी अगदी साधारण होता असे तो म्हणाला. त्याला ठेवून घ्यायची आपली इच्छा होती, पण पासपोर्ट आणि कामाच्या परवान्याचा प्रश्न होता आणि मुलाला थांबायचा धीर नव्हता, असेही त्याने सांगितले.

हा किस्सा सांगताना बहुतेक लोक वेंगरला हसतात. आम्हाला ते बरोबर वाटत नाही. वेंगरच्या वाक्यात ‘त्या दिवशी’ हे दोन शब्द आहेत, आणि तेच आम्हाला मोलाचे वाटतात. विशिष्ट दिवस, विशिष्ट मैदान, सवयीची नसलेली जागा, त्यात हा मुलगा साधारण खेळला. एवढेच तो म्हणतो. गोष्ट तोंडातोंडी फिरते तेव्हा पहिल्यांदा हे दोन शब्द गळतात आणि ‘याया साधारण होता’ एवढेच उरते. शिक्षक म्हणून आमच्यासमोर हे रोज घडते. आठवीतल्या मुलाला एका चाचणीत गणितात साधारण गुण मिळतात, आणि दहावीपर्यंत घरीदारी त्याची ओळख ‘गणितात साधारण’ अशी होऊन बसते. त्यात त्याचा मोठा भाऊ आपल्याच शाळेतून चमकून गेलेला असेल तर मग बोलायलाच नको. ‘तू अमक्याचा भाऊ ना?’ हे वाक्य आम्ही आमच्या शिक्षकांना वर्गात वापरू देत नाही. कोलोसारखा भाऊ पुढे असताना यायाने हे किती वेळा ऐकले असेल, याचा अंदाज आम्हाला करता येतो.

लंडनचे दार लागले तेव्हा तो युक्रेनला गेला. पूर्वेकडच्या कोळशाच्या पट्ट्यातले दोनेत्स्क शहर, मेटालुर्ह हा क्लब. तेथून २००५ मध्ये ग्रीसमधल्या ऑलिंपियाकोसकडे. त्या हंगामात लीग आणि चषक दोन्ही जिंकले. मग एक हंगाम मोनाको. २००७ मध्ये बार्सिलोना. चाचणीनंतर चार वर्षांत चार देश. दर ठिकाणी नवी भाषा, नवा प्रशिक्षक आणि त्याचे नवे मत. इतक्या भराभर शाळा बदललेल्या मुलाचे पालक आमच्याकडे आले असते तर आम्ही त्यांना नक्कीच चार गोष्टी सुनावल्या असत्या.

बार्सिलोनात तो बचावाच्या पुढ्यात उभा राहून समोरच्यांचे हल्ले तोडायचा आणि चेंडू आपल्या शावी-इनिएस्टाकडे पोचवायचा. शुद्ध वाढप्याचे काम. २००८ मध्ये पेप गार्डिओला प्रशिक्षक झाला आणि त्याने या जागेवर सर्जिओ बुस्केट्स हा तरुण मुलगा आणला. यायाला कधी बाहेर बसावे लागे. तरी २००९ मध्ये दोन सामने असे झाले की ते मुलांनी मुद्दाम पाहावेत. पहिला स्पेनच्या राजाच्या चषकाचा अंतिम सामना, १३ मे २००९. अ‍ॅथलेटिक बिल्बाओने आधी गोल केला होता. यायाने मधल्या मैदानातून चेंडू घेऊन एकट्याने मुसंडी मारली आणि दुरून गोल करून बरोबरी साधली. बार्सिलोना ४-१ जिंकली. तारीख पुन्हा वाचा. तो त्याचा सव्विसावा वाढदिवस होता.

दुसरा सामना दोन आठवड्यांनी, २७ मे रोजी रोममध्ये. युरोपच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर मँचेस्टर युनायटेड. त्यांच्याकडे क्रिस्तियानो रोनाल्डो आणि वेन रूनी. बार्सिलोनाचे काही बचावपटू निलंबित, काही जखमी. गार्डिओलाने यायाला मधल्या बचावपटूच्या जागी उभे केले. आपल्याकडे सामना सुरू झाला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पहिली दहा मिनिटे रोनाल्डोने अशी झोडपून काढली की आता काही खरे नाही असे वाटले. मग सॅम्युएल इतोने गोल केला आणि सामन्याचा नूर बदलला. दुसऱ्या सत्रात मेसीने डोक्याने गोल मारला, २-०. दुसऱ्या दिवशी सगळीकडे मेसीचे छायाचित्र होते. गोलफलकावर यायाच्या नावाला जागाच नव्हती. स्वतःची जागा गेलेला मुलगा परक्या जागेवर, वर्षातल्या सर्वांत मोठ्या परीक्षेला बसला आणि नव्वद मिनिटांत समोरच्यांना एकही गोल करू दिला नाही. आमच्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा सामना. पुढे त्याने कितीतरी गोल केले, तरी आमचे मत बदललेले नाही.

२०१० मध्ये तो मँचेस्टर सिटीकडे आला. कोलो तेथे आदल्याच वर्षी येऊन कर्णधार झाला होता. हा क्लब तेव्हा श्रीमंत झाला होता, पण घरात चषक येऊन चौतीस वर्षे लोटली होती. प्रशिक्षक रॉबेर्तो मांचिनीने यायाला बचावाच्या बेडीतून सोडवून पुढे सरकवले. १६ एप्रिल २०११ रोजी एफए कपच्या उपांत्य सामन्यात त्याच्या एकमेव गोलावर सिटीने मँचेस्टर युनायटेडला हरवले. १४ मे रोजी अंतिम सामन्यात स्टोक सिटीविरुद्धही एकच गोल झाला आणि तोही यायाचाच. पस्तीस वर्षांची रिकामी कपाट-फळी भरली.

पुढच्या वर्षी लीगच्या शेवटच्या टप्प्यात न्यूकॅसलविरुद्ध सामना अडकून बसला होता. मांचिनीने एक बचावात्मक मध्यरक्षक आत आणला. प्रेक्षकांना वाटले, आता हा बरोबरीवर समाधान मानणार. पण तो आत आल्यामुळे याया मागच्या जबाबदारीतून मोकळा झाला आणि पुढे गेला. दोन गोल, दोन्ही त्याचे. मग १३ मे २०१२, रविवार. होय, पुन्हा वाढदिवस. क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध सिटीने भरपाई वेळेत दोन गोल करून ३-२ असा विजय मिळवला आणि १९६८ नंतर प्रथमच लीग जिंकली. त्या शेवटच्या क्षणांची चित्रफीत मुलांना पाठ आहे. पण त्यात याया शोधून सापडणार नाही. दुखापतीमुळे तो मध्यंतराच्या आधीच बाहेर बसला होता.

२०१३-१४ मध्ये मॅन्युएल पेलेग्रिनीच्या हाताखाली वाढप्याने स्वयंपाकघरच ताब्यात घेतले. मध्यरक्षक असून लीगमध्ये २० गोल. लीग कपच्या अंतिम सामन्यात संडरलँड पुढे असताना त्याने तीस यार्डांच्या आसपासून, फारसा जोर न लावल्यासारखा, चेंडू वरच्या कोपऱ्यात ठेवला. ‘मारला’ म्हणावे असा तो फटका नव्हताच. सहा फुटांहून उंच माणूस एवढ्या हळुवारपणे चेंडूशी वागतो, तेव्हा आम्हाला ती अनवाणी वर्षे आठवतात. त्या हंगामात सिटीने लीगही जिंकली.

याच हंगामात, २३ ऑक्टोबर २०१३ रोजी, मॉस्कोमध्ये तो सिटीचा कर्णधार म्हणून उतरला होता आणि प्रेक्षकांच्या एका गटाने त्याच्या वर्णावरून माकडाचे आवाज काढले. त्याने पंचांकडे तक्रार केली, सामन्यानंतर उघड बोलला. पुढे युरोपीय संघटनेने त्या मैदानाचा काही भाग बंद ठेवण्याची शिक्षा दिली. आपल्या शाळेतही मुले रंगावरून, अंगकाठीवरून, आडनावावरून एकमेकांना चिडवतात. चिडवलेले मूल शिक्षकांकडे आले तर त्याला ‘चुगली’ म्हणायचे नाही, हे आम्ही येथेच नोंदवून ठेवतो.

मग ती केकची भानगड. मे २०१४ मध्ये लीग जिंकल्यावर यायाच्या एजंटाने जाहीर तक्रार केली, की यायाच्या वाढदिवसाला क्लबाने त्याचे साधे अभिनंदनही नीट केले नाही, तो दुखावला आहे, कदाचित क्लब सोडेल. खरे तर केक आणला गेला होता, त्याची चित्रेही होती. यायाने आधी हात झटकले, मग एजंटाची बाजू उचलून धरली. जगभर हशा पिकला. एकतीस वर्षांचा, इतक्या मिळकतीचा माणूस केकसाठी रुसतो! व्यंगचित्रे निघाली. आजही इंग्लंडमध्ये त्याचे नाव निघाले की कोणीतरी केकची आठवण काढतोच.

हसणाऱ्यांत आम्हीही होतो, आणि त्यात गैर काही नव्हते. तक्रार होतीच हास्यास्पद. पण त्या दिवसांत त्यांच्या घरात काय चालले होते हे नंतर कळले. धाकटा इब्राहिम कर्करोगाने आजारी होता, मँचेस्टरमध्येच उपचार चालू होते. याया पुढे म्हणाला की त्याला खरे लागले होते ते भावाजवळ चार दिवस घालवायला मिळाले नाहीत याचे. यात क्लबाची बाजू काय, हिशेब कोणाचा बरोबर, हे आम्ही ठरवू शकत नाही. एवढे मात्र वर्गात वारंवार पाहिले आहे, की पोरगे पेन्सिलीच्या तुकड्यावरून भांडते, आणि मागे वडिलांची नोकरी गेलेली असते. पेन्सिल परत मिळाली तरी ते शांत होत नाही.

विश्वचषक त्या जूनमध्ये ब्राझीलमध्ये होता. कोलो आणि याया दोघेही संघात. १९ जून २०१४ रोजी आयव्हरी कोस्ट कोलंबियाकडून २-१ असा हरला, आणि त्याच दिवशी इब्राहिम गेला. वय अवघे अठ्ठावीस. दोघे भाऊ हजारो मैलांवर. ते परतले नाहीत, संघासोबत राहिले. २४ जूनला ग्रीसविरुद्ध दोघेही खेळले. बरोबरी झाली असती तरी संघ प्रथमच दुसऱ्या फेरीत गेला असता. भरपाई वेळेत ग्रीसला पेनल्टी मिळाली आणि १-२ अशी हार झाली. २००६ आणि २०१० प्रमाणे याही वेळी हत्ती साखळी फेरीतूनच परतले. तीन विश्वचषक, तिन्हींत तेच. मैदानावर उभे राहणे योग्य की घरी जाणे, यावर आमच्या घरात त्या रात्री बराच वाद झाला. आई असती तर काय म्हणाली असती, असा प्रश्न निघाला आणि वाद थांबला.

या सोनेरी म्हणवल्या गेलेल्या पिढीच्या हातून आफ्रिकन चषकही सारखा निसटत होता. २००६ मध्ये अंतिम सामना इजिप्तविरुद्ध पेनल्टींवर गेला. २०१२ मध्ये झांबियाविरुद्ध दिदिए द्रोग्बाने ऐन सामन्यातली पेनल्टी बाहेर मारली आणि शेवटी शूटआउटमध्ये हार झाली. चुकलेल्यांत कोलो एक होता. त्या झांबियाचा प्रशिक्षक होता हर्वे रेनार. पुढे त्यालाच आयव्हरी कोस्टने आपल्याकडे बोलावले. द्रोग्बा निवृत्त झाला होता आणि कर्णधारपद यायाकडे आले होते, धाकटा भाऊ जाऊन आठ महिनेही झाले नव्हते.

८ फेब्रुवारी २०१५, इक्वेटोरियल गिनीतले बाटा शहर, समोर घाना. १२० मिनिटांत गोल नाही. पुन्हा पेनल्टी. आयव्हरी कोस्टच्या पहिल्या दोघांनीही संधी घालवली. म्हणजे २००६, २०१२ आणि आता तिसऱ्यांदा तेच. मग घानाच्याही दोघांच्या चुकल्या. यायाने आपली मारली. कोलोने मारली, तीन वर्षांपूर्वी चुकला होता त्याच कोलोने. एकामागून एक सगळे खेळाडू संपले, आणि ८-८ असताना गोलरक्षकांवर वेळ आली. आयव्हरी कोस्टचा गोलरक्षक बुबाकार बारी पायांत गोळे येऊन लंगडत होता. मुख्य गोलरक्षक जखमी म्हणून तो या सामन्यात आला होता. त्याने घानाच्या गोलरक्षकाचा फटका अडवला, उठला, आणि स्वतः जाऊन गोल केला. ९-८. देशाने १९९२ नंतर प्रथमच हा चषक जिंकला. तेव्हाही समोर घानाच होता आणि तेव्हाही पेनल्टीच होत्या. चषक यायाच्या हातात आला. कोलोने आंतरराष्ट्रीय फुटबॉलला तेथेच निरोप दिला.

सिटीतली शेवटची वर्षे तितकी गोड नव्हती. २०१६ मध्ये गार्डिओला तेथेही प्रशिक्षक म्हणून आला आणि यायाला बाकावर बसण्याची वेळ पुन्हा आली. जाताना २०१८ मध्ये यायाने एका मुलाखतीत गार्डिओलावर वर्णभेदाला धरून कठोर आरोप केले. गार्डिओलाने ते खोटे म्हणून फेटाळले. पुढे यायाने त्याबद्दल माफीचे पत्र लिहिल्याचे सांगितले. क्लबाने आपल्या सराव मैदानांपैकी एकाला त्याचे नाव दिले आहे. त्यानंतर पुन्हा काही महिने ऑलिंपियाकोस, मग चीनमधला चिंगदाओचा क्लब, आणि खेळणे संपले. मध्यंतरी, २०१३ पासून, तो संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा सदिच्छादूतही झाला आणि हस्तिदंतासाठी होणाऱ्या हत्तींच्या शिकारीविरुद्ध बोलू लागला. देशाच्या नावात हस्तिदंत, संघाचे नाव हत्ती. या कामाला दुसरा माणूस शोधायला नकोच होता.

निवृत्तीनंतर तो प्रशिक्षक झाला. लंडनच्या टॉटनहॅम क्लबाच्या अकादमीत त्याने सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवले, नंतर सौदी अरेबियाच्या राष्ट्रीय संघात मांचिनीचा सहायक म्हणून काम केले. टॉटनहॅममधल्या त्या मुलांना दर आठवड्याला कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, कोणाला कुठल्या जागी उतरवायचे, हे ठरवणाऱ्यांत आता तो स्वतः होता. त्या मुलांविषयी तो वहीत काय शेरे लिहीत असे, आणि पुढे तारीख घालीत असे की नाही, ते वाचायला आम्हाला फार आवडले असते.